केनो: ८० आकडे, २० चेंडू आणि दरपत्रकात दडलेली नाल

केनोत करायचं एवढंच असतं: १ ते ८० मधले काही आकडे निवडायचे, पैसे लावायचे आणि यंत्रातून निघणाऱ्या २० आकड्यांत आपले किती आले ते पाहायचं. पत्त्यांची जाण लागत नाही, समोर मुरलेला खेळाडू नसतो, नियम दोन मिनिटांत कळतात. आणि तरीही कॅसिनोत लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे मालकाकडे सगळ्यात जास्त पैसे राहतात, ते बहुधा याच खेळात.

मराठवाड्यात तिर्रट, मटका, सोरट हे शब्द कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. केनो मात्र नवा आहे. परदेशातल्या कॅसिनोच्या व्हिडिओतून किंवा मोबाइलवर आलेल्या एखाद्या लिंकमधून तो ओळखीचा होतो आणि सोबत माहिती येते ती फक्त ‘दहाचे दहा लागले तर एक कोटी’ एवढीच. दहाचे दहा लागणं म्हणजे नेमकं किती अवघड, हे पूर्णपणे मोजता येतं. लातूरच्या शिकवणीत पर्म्युटेशन-कॉम्बिनेशनचा धडा संपवलेला विद्यार्थी हे गणित वहीच्या अर्ध्या पानात करील. पण तो धडा न शिकलेल्यालाही ते समजायला हवं, कारण पैसे लावताना कोणी मार्कशीट विचारत नाही.

तिकीट, चेंडू आणि काउंटर

कॅसिनोत केनोचं कोरं तिकीट मिळतं. त्यावर आठ ओळी आणि दहा रकाने, असे ८० चौकोन असतात; वरच्या अर्ध्या भागात १ ते ४०, खालच्या अर्ध्यात ४१ ते ८०. आपल्याला हव्या त्या आकड्यांवर खडूने किंवा पेनने फुली मारायची. बहुतेक ठिकाणी १ ते १० आकडे लावता येतात, काही ठिकाणी त्याहून जास्त. बाजूला तीन गोष्टी लिहायच्या: एकूण किती आकडे लावले, एका खेळाला किती पैसे आणि किती खेळ खेळायचे. हे तिकीट काउंटरवर दिलं की तिथला माणूस ते संगणकात भरतो आणि छापील तिकीट हातात देतो.

सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात. पैसे मिळतात ते छापील तिकिटावरच्या आकड्यांवर, तुम्ही फुल्या मारलेल्या कागदावर नव्हे. फुली शेजारच्या चौकोनात गेली, २७ ऐवजी २८ छापलं गेलं आणि नंतर २७ आला, तर तक्रारीला अर्थ राहत नाही. म्हणून खेळ सुरू होण्याआधी छापील तिकिटावरचे आकडे, रक्कम, खेळाचा क्रमांक आणि खेळांची संख्या, सगळं तपासायचं. चूक असेल तर सोडत सुरू होण्याआधीच ती दुरुस्त करून मिळते. पैसे घेण्याची मुदतही तिकिटावर किंवा नियमपत्रकात पाहून ठेवायची. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातली जुनी पद्धत अशी की एका खेळाचे पैसे पुढचा खेळ सुरू होण्याआधी घ्यावे लागत. उशीर केला की जिंकलेलं तिकीटही वाया जाई.

सोडत काढायला पारदर्शक गोलक असतो. त्यात १ ते ८० आकड्यांचे हलके चेंडू हवेच्या झोताने उडत राहतात आणि एकेक करून वरच्या नळ्यांत चढतात. वीस चेंडू झाले की खेळ संपला. एकदा निघालेला चेंडू परत आत जात नाही, म्हणजे एका खेळात एकच आकडा दोनदा येत नाही. पुढच्या गणितासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे. हल्ली बऱ्याच ठिकाणी चेंडूंऐवजी संगणक आकडे काढतो.

या खेळाचं मूळ चिनी लॉटरीत आहे. तिच्यात आकड्यांच्या जागी चिनी अक्षरं असत. एकोणिसाव्या शतकात चिनी मजुरांबरोबर ती अमेरिकेत पोचली. नेवाडाने १९३१ मध्ये जुगार कायदेशीर केला, पण लॉटरीवरची बंदी कायम ठेवली. तेव्हा रेनो शहरातल्या कॅसिनोंनी प्रत्येक आकड्याला घोड्याचं नाव देऊन तिला ‘रेसहॉर्स केनो’ म्हणायला सुरुवात केली. १९५१ मध्ये घोड्यांवरच्या सट्ट्यावर केंद्रीय कर आला आणि ती नावं गेली. खेळाला ‘रेस’ म्हणायची सवय मात्र तिथे अजून टिकून आहे.

शक्यता कशी मोजायची

एकच आकडा लावला तर तो येण्याची शक्यता ८० पैकी २०, म्हणजे चारात एक. इथपर्यंत सरळ आहे.

दोन आकडे लावले आणि दोन्ही यायला हवे असतील तर काय? पहिला येण्याची शक्यता ८० पैकी २०. तो आला असं धरलं, तर आता ७९ आकडे उरले आणि निघणाऱ्यांत १९ जागा उरल्या. म्हणून दुसऱ्याची शक्यता ७९ पैकी १९. दोन्ही एकत्र हवे म्हणून गुणाकार करायचा: २०/८० गुणिले १९/७९. उत्तर येतं साधारण १६.६ मध्ये एक. तिसऱ्यासाठी आणखी १८/७८ ने गुणायचं, चौथ्यासाठी १७/७७ ने, आणि असंच पुढे.

सगळेच्या सगळे लागण्याची शक्यता मग अशी उतरत जाते:

१ आकडा: ४ मध्ये एक
२ आकडे: १६.६ मध्ये एक
३ आकडे: ७२ मध्ये एक
४ आकडे: ३२६ मध्ये एक
५ आकडे: १,५५१ मध्ये एक
६ आकडे: ७,७५३ मध्ये एक
७ आकडे: ४०,९७९ मध्ये एक
८ आकडे: २,३०,११५ मध्ये एक
९ आकडे: १३,८०,६८८ मध्ये एक
१० आकडे: ८९,११,७११ मध्ये एक

प्रत्येक पायरीला शक्यता निव्वळ कमी होत नाही, कमी होण्याचा वेगही वाढतो. दुसरा आकडा वाढवला की काम चौपटीहून थोडं जास्त अवघड होतं, सहावा वाढवला की पाचपट, नववा वाढवला की सहापट. कारण आपले जितके आकडे लागून झाले, तितक्या विसातल्या रिकाम्या जागा कमी होत जातात. दहावा आकडा लागायचा तर उरलेल्या ७१ मधल्या फक्त ११ जागा त्याच्या वाट्याला येतात.

८९ लाख हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा असेल तर २०११ च्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचा औरंगाबाद), नांदेड आणि परभणी या तीन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या जवळपास तेवढीच होती. वैजापूरपासून किनवटपर्यंतच्या प्रत्येक माणसाच्या नावाची चिठ्ठी एका ढिगात टाकली आणि एकच उचलली, तर ती तुमची निघण्याची जी शक्यता, तीच दहाचे दहा लागण्याची.

आता थोडं पुढे. केनोत सगळे लागले नाहीत तरी काही लागल्याचे पैसे मिळतात, म्हणून ‘नेमके इतके’ लागण्याची शक्यताही काढावी लागते. तीन आकडे लावले आणि त्यांतले नेमके दोन लागले, हे उदाहरण घेऊ. निघणाऱ्या २० मधून २ निवडण्याचे प्रकार १९०. न निघणाऱ्या ६० मधून १ निवडण्याचे प्रकार ६०. गुणाकार ११,४००. एकूण ८० मधून ३ निवडण्याचे प्रकार ८२,१६०. भागाकार केला की १३.९ टक्के. केनोतली प्रत्येक शक्यता याच रीतीने निघते. लावलेले आकडे बदलले की संख्या बदलतात, रीत बदलत नाही. मोबाइलमधल्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये कॉम्बिनेशनचं सूत्र असतं, ते वापरलं तर पाच मिनिटांत अख्खा तक्ता तयार होतो.

खरा खेळ दरपत्रकात

तिर्रटच्या अड्ड्यावर मालक प्रत्येक डावातून नाल, म्हणजे आपला वाटा, काढतो आणि ती सगळ्यांना दिसते. केनोत नाल वेगळी काढली जात नाही. ती दरपत्रकात, म्हणजे किती लागले तर किती पट पैसे या तक्त्यात, आधीच घातलेली असते. जिथे जिथे ८० आणि २० हे आकडे आहेत, तिथे शक्यता सारख्याच आहेत. कॅसिनोगणिक बदलतं ते दरपत्रक. म्हणून केनोबद्दल एकच कौशल्य शिकायचं असेल तर ते दरपत्रक वाचण्याचं.

वाचताना पहिली अडचण ‘पट’ या शब्दाची. केनोत ‘तीन पट’ म्हणजे तुमचे लावलेले पैसे धरून तीन पट. शंभर लावले तर हातात तीनशे, म्हणजे फायदा दोनशेचा. ‘एक पट’ लिहिलं असेल तर फक्त तुमचे शंभर परत. रूलेच्या, म्हणजे फिरत्या चाकावरच्या जुगाराच्या, टेबलावर ३५ ला १ असं म्हणतात तेव्हा ३५ वर तुमचा मूळ पैसाही परत येतो. दोन्हींची तुलना करताना हा फरक विसरला की केनोचे दर आहेत त्यापेक्षा चांगले वाटतात.

सहा आकड्यांचं एक दरपत्रक घेऊ. नेवाडात अशा प्रकारचे दर पाहायला मिळतात: ३ लागले तर १ पट, ४ लागले तर ४ पट, ५ लागले तर ८८ पट, ६ लागले तर १,४८० पट. त्यापेक्षा कमी लागले तर काही नाही. शंभर रुपये लावले आहेत असं धरून प्रत्येक ओळीत शक्यता आणि मिळणारी रक्कम यांचा गुणाकार करायचा:

३ लागण्याची शक्यता १२.९८ टक्के, मिळणार १०० रुपये. सरासरी वाटा १२.९८ रुपये
४ लागण्याची शक्यता २.८५ टक्के, मिळणार ४०० रुपये. सरासरी वाटा ११.४२ रुपये
५ लागण्याची शक्यता ०.३१ टक्के, मिळणार ८,८०० रुपये. सरासरी वाटा २७.२४ रुपये
६ लागण्याची शक्यता ०.०१२९ टक्के, मिळणार १,४८,००० रुपये. सरासरी वाटा १९.०९ रुपये

बेरीज ७०.७३ रुपये. म्हणजे लावलेल्या प्रत्येक शंभरातून सरासरी ७०.७३ खेळाडूंकडे परत जातात आणि २९.२७ कॅसिनोकडे राहतात. ही झाली या तक्त्यातली नाल.

याच तक्त्यात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ‘काहीतरी लागतं’ ही शक्यता १६ टक्क्यांच्या आसपास दिसते, सहा खेळांत एकदा. पण त्यातल्या बहुतेक वेळा तीनच आकडे लागलेले असतात आणि मिळतात ते फक्त आपलेच पैसे परत. खरा फायदा चार किंवा जास्त लागले तरच, आणि ती शक्यता ३.१८ टक्के, म्हणजे सरासरी ३१ ते ३२ खेळांत एकदा. सरासरी म्हणजे हमी नव्हे. ३० खेळ सलग खेळून एकदाही फायदा न होण्याची शक्यता ३८ टक्के आहे, आणि ५० खेळांनंतरही ती २० टक्के उरते.

कमी आकडे लावले तर नाल कमी होते, असा एक समज आहे. तो दरपत्रक न पाहता खरा मानता येत नाही. एक आकडा लावला आणि दर तीन पट असेल तर परतावा ७५ टक्के. दोन आकडे, दोन्ही लागले तर १२ पट, परतावा ७२ टक्के. तीन आकडे, तिन्ही लागले तर ४२ पट आणि दोन लागले तर १ पट, परतावा पुन्हा ७२ टक्के. कमी आकड्यांत पैसे संथपणे जातात आणि मधूनमधून परत येतात, जास्त आकड्यांत बराच काळ काहीच येत नाही. एवढा फरक नक्की. टक्केवारीतला फरक मात्र तक्ता मांडल्याशिवाय कळत नाही.

तुलनेसाठी: एका शून्याच्या रूलेत कॅसिनोचा वाटा २.७० टक्के, दोन शून्यांच्या रूलेत ५.२६ टक्के, बकारा या पत्त्यांच्या खेळात बँकरच्या बाजूने लावले तर १.०६ टक्के. मटक्यात एकेरी आकड्याची शक्यता दहात एक आणि रूढ दर दहाला नव्वद. म्हणजे तिथे दहा टक्के कापले जातात. मटका बेकायदा आहे, त्यात वसुलीची दादागिरी आहे आणि त्याने इथली कितीतरी घरं बुडवली आहेत. त्या मटक्याहूनही केनोची नाल दोन ते तीन पट आहे. चकचकीत दिव्यांखाली बसून खेळताना हे लक्षात राहत नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिलं.

एक कोटीचं बक्षीस आणि त्याचा १ रुपया १२ पैसे

दहा आकड्यांच्या तिकिटाचं आकर्षण म्हणजे सर्वांत वरचं बक्षीस. समजा दर एक लाख पट आहे. शंभर रुपयांना एक कोटी. शक्यता ८९,११,७११ मध्ये एक. गुणाकार केला तर या बक्षिसाचा सरासरी वाटा येतो शंभरातला १ रुपया १२ पैसे. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं, त्याची तुमच्या तिकिटातली किंमत एवढीच. एकट्या त्याच बक्षिसाने शंभर रुपयांची भरपाई करायची असती तर ते ८९ कोटींहून अधिक ठेवावं लागलं असतं.

शिवाय अनेक कॅसिनोत एका खेळात सर्वांना मिळून द्यायच्या रकमेला कमाल मर्यादा असते. दोघांना एकाच खेळात मोठं बक्षीस लागलं तर ती मर्यादा दोघांत वाटली जाते. हा नियम दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. आकडे भरण्याआधी तो वाचायचा.

दहा आकडे लावले की सरासरी अडीच आकडे लागतात. नेमके दोन लागण्याची शक्यता २९.५ टक्के, तीनची २६.७, चारची १४.७, पाचची ५.१. सहावर ती १.१५ टक्क्यांवर येते, सातवर ६२१ मध्ये एक, आठवर ७,३८४ मध्ये एक, नऊवर १,६३,३८१ मध्ये एक. पाच-सहा लागले की ‘अर्ध्याच्या पुढे आलो, आणखी थोडे हवे होते’ असं वाटणं साहजिक आहे. पण पाच लागणं सुमारे १९ खेळांत एकदा घडतं आणि दहा लागणं ८९ लाखांत एकदा. आकड्यांत मोजलं तर अर्धा रस्ता, शक्यतेत मोजलं तर जेमतेम सुरुवात. जवळ आल्याची ही भावना माणसाला पुढचं तिकीट घ्यायला लावते आणि ती प्रत्येक खेळात कोणाला ना कोणाला येतच राहते.

काही तक्त्यांत दहापैकी एकही न लागल्यासही पैसे असतात. ती शक्यता ४.६ टक्के आहे, साधारण २२ मध्ये एक. ती ओळ गणितात धरायला विसरू नये.

गरम आकडे, थंड आकडे

केनोच्या फलकावर मागच्या खेळांचे निकाल लावलेले असतात. काही जण वारंवार आलेले आकडे धरतात, काही जण बरेच दिवस न आलेले. चेंडूंना आधीचा खेळ ठाऊक नसतो. प्रत्येक खेळात प्रत्येक आकड्याची शक्यता पुन्हा २५ टक्केच.

पण मग फलकावर गरम-थंड आकडे दिसतात कसे? ते दिसायलाच हवेत. एखादा आकडा सलग दहा खेळांत न येण्याची शक्यता ५.६ टक्के आहे. आकडे ८० असल्याने कोणत्याही वेळी पाहिलं तरी गेल्या दहा खेळांत न आलेले सरासरी चार-पाच आकडे सापडणारच. तसंच १०० खेळांत एखादा आकडा सरासरी २५ वेळा येतो, पण ८० मधले तीन-चार आकडे १६ किंवा त्याहून कमी नाहीतर ३४ किंवा त्याहून जास्त वेळा आलेले दिसतील. हा निव्वळ योगायोगाचा नेहमीचा विस्तार आहे. उलट सगळे ८० आकडे नेमके २५-२५ वेळा आले, तर यंत्राबद्दल शंका घ्यावी.

जन्मतारखा, गाडीचा नंबर, उभी रांग, चारही कोपरे, सगळ्यांची शक्यता एकच. लॉटरीत बक्षीस वाटून मिळत असेल तर इतर लोक टाळतात ते आकडे घेण्यात थोडा अर्थ असतो. केनोत दर ठरलेले असल्याने तोही उरत नाही. अपवाद फक्त वर सांगितलेल्या कमाल मर्यादेचा.

हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाण्याची युक्ती केनोतही सांगितली जाते. एक आकडा, ५० रुपयांपासून सुरुवात. सलग दहा वेळा हरण्याची शक्यता ५.६ टक्के, म्हणजे अठरात एक. तोवर ५१,१५० रुपये गेलेले असतात आणि अकराव्या खेळाला ५१,२०० लावावे लागतात. बहुतेक ठिकाणी तिकिटावरची कमाल रक्कम त्याआधीच आडवी येते.

गटांची तिकिटं

अनुभवी खेळाडू आकडे गटांत लावतात. उदाहरणार्थ, दोन-दोन आकड्यांचे तीन गट, प्रत्येक गटाभोवती गोल. यातून दोन आकड्यांचे तीन प्रकार, चार आकड्यांचे तीन प्रकार आणि सहा आकड्यांचा एक, असे सात खेळ एकाच तिकिटावर तयार होतात. तिकिटावर ते ३/२, ३/४, १/६ असं लिहितात. प्रत्येक प्रकाराला २० रुपये लावले तर तिकीट १४० रुपयांचं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे २० रुपये ही एकूण रक्कम समजणं. दुसरी चूक म्हणजे गटांमुळे नाल घटते असं मानणं. परतावा त्या सात खेळांच्या परताव्यांची सरासरीच राहते. फक्त एकच आकडा बऱ्याच प्रकारांत असल्याने लागलं तर एकदम बरंच लागतं, नाहीतर सगळंच जातं.

वेग

नाल किती टक्के आहे याइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती तासाला किती वेळा कापली जाते. काउंटरवरच्या केनोत दोन खेळांमध्ये काही मिनिटं जातात. समजा तासाला आठ खेळ, प्रत्येकी ५० रुपये, नाल २९ टक्के: तासाचा सरासरी तोटा ११६ रुपये. आता यंत्रावरचा किंवा मोबाइलवरचा केनो घ्या. सात-आठ सेकंदांत एक खेळ, तासाला ५००. लावले फक्त १० रुपये आणि परतावा चांगला, ९० टक्के धरला तरी तासाला ५,००० रुपये फिरतात आणि त्यातले ५०० जातात. रक्कम पाचपट लहान, नाल जवळपास एक तृतीयांश, आणि तोटा चौपटीहून जास्त. ‘दहा रुपयांचा तर खेळ’ या समजुतीत हीच गोष्ट निसटते.

यंत्रांसाठी नेवाडाच्या नियमात किमान ७५ टक्के सैद्धांतिक परताव्याची अट आहे. काउंटरवरचे तक्ते अनेकदा त्याखाली असतात, हे वरच्या उदाहरणातही दिसलं. मोबाइलवरच्या अनेक परदेशी ॲपना तर असा कोणताच नियम लागू नसतो.

संगणकाने काढलेले आकडे खरोखर यादृच्छिक आहेत का, हा प्रश्न रास्त आहे. १९९४ मध्ये कॅनडातल्या माँट्रियल कॅसिनोत एका खेळाडूने वीसपैकी १९ आकडे सलग तीन वेळा बरोबर सांगितले आणि सहा लाखांहून अधिक कॅनेडियन डॉलर जिंकले. चौकशीत कळलं की आकडे काढणारं यंत्र रोज सकाळी त्याच बीजसंख्येपासून, म्हणजे मालिका सुरू करणाऱ्या संख्येपासून, सुरू होत होतं, त्यामुळे आकड्यांचा क्रमही तोच येत होता. खेळाडूने काही गैर केलं नव्हतं, त्याला पैसे मिळाले. त्याचा विजय हा नशिबाचा किंवा गरम आकड्यांच्या अभ्यासाचा पुरावा नाही. यंत्र बिघडलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. तिथे निदान यंत्र तपासणारं कोणीतरी होतं.

आपल्याकडे कायदा आणि कर

महाराष्ट्रात कॅसिनो चालवता येत नाही. १९७६ चा कॅसिनो नियंत्रण व कर कायदा कागदावर होता, पण तो कधी लागू झाला नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. पैसे लावून जुगार खेळवणं १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. कायदेशीर कॅसिनो गोव्यात आणि सिक्कीममध्ये आहेत. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केले; ते चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि त्यांच्यासाठी पैशांचे व्यवहार हाताळणं हा गुन्हा ठरवला. शिक्षेचा रोख चालवणाऱ्यांवर आहे, खेळणाऱ्यावर नाही. म्हणून आज मोबाइलवर पैसे घेऊन केनो खेळवणारं जे काही दिसतं, त्याच्या दरपत्रकावर विश्वास ठेवायला काही आधार नाही. अशा ठिकाणी पैसे अनेकदा कोणाच्या तरी वैयक्तिक यूपीआय खात्यावर मागितले जातात, सुरुवातीला छोट्या रकमा परत मिळतात आणि मोठी रक्कम काढायची म्हटलं की आधी ‘कर’ किंवा ‘पडताळणी शुल्क’ भरायला सांगतात. असं झालं की आणखी एक रुपयाही न भरता लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. जितका लवकर, तितकी रक्कम मधेच गोठवली जाण्याची शक्यता जास्त. हातातलं सुटत चाललंय असं वाटणाऱ्यासाठी किंवा त्याच्या घरच्यांसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

कायदेशीर ठिकाणी जिंकलेल्या पैशांवर प्राप्तिकर सरसकट ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के; रक्कम मोठी असेल तर अधिभार वेगळा. हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. वर्षभरात तीन लाख हरून दोन लाख जिंकणाऱ्या माणसाचा हिशोब एक लाख तोट्याचा असतो, तरी त्या दोन लाखांवर त्याला ६२,४०० रुपये कर भरावा लागतो. ७०.७३ रुपयांचा तो परतावा कर कापण्याच्या आधीचा आहे.